विश्लेषण : दोन शिकारी पक्षी एकत्र शिकार करायला कसे शिकतात?

विम्बल्डनच्या मैदानावरून कबुतरांना पळवून लावणारा ‘रुफस’ टेनिसप्रेमींना माहीत आहे. तो हॅरिस हॉक जातीचा. पक्षी शिकवून त्याच्याकडून शिकार करवून घेण्याच्या कलेत, म्हणजे फाल्कनरीत, ही जात शिकवायला तुलनेने सोपी मानली जाते. मात्र असे दोन पक्षी एकाच सशामागे सोडणे हे वेगळेच काम आहे. तयारी कच्ची असेल तर ससा राहतो बाजूला आणि पक्षी एकमेकांनाच पकडतात. ही जोडी जमवतात कशी आणि त्यात धोका कुठे असतो?

हॅरिस हॉकच का?

बहुतेक शिकारी पक्षी एकटे शिकार करतात. गॉसहॉकसारखा पक्षी दुसऱ्या शिकारी पक्ष्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहतो, प्रसंगी भक्ष्य म्हणूनही. हॅरिस हॉक याला अपवाद आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागापासून चिली, अर्जेंटिनापर्यंत हा पक्षी आढळतो. कोरड्या, काटेरी झुडपांच्या प्रदेशात तो कुटुंबासारख्या गटात राहतो.

जेम्स बेडनार्झ या संशोधकाने न्यू मेक्सिकोत या पक्ष्यांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष १९८८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. विणीचा हंगाम नसताना २ ते ६ पक्षी मिळून शिकार करतात, असे त्यांना दिसले. कधी सगळे एकदम झडप घालतात. कधी एक पक्षी झुडपात शिरून सशाला बाहेर काढतो आणि बाकीचे बाहेर टपून बसतात. कधी एक दमला की दुसरा पाठलाग पुढे नेतो. एकत्र शिकारीत यश वाढते, प्रत्येकाच्या वाट्याला येणारे अन्नही वाढते आणि स्वतःपेक्षा मोठे भक्ष्य मारता येते. या पक्ष्याचा नर साधारण ७०० ग्रॅमचा, तर मादी सुमारे १ किलोची असते. तेथील जॅकरॅबिट हा ससा मात्र २ किलोंच्याही पुढे जातो.

उपजतच येत असेल, तर शिकवायचे काय?

जंगलातला गट एकमेकांना ओळखणाऱ्या पक्ष्यांचा असतो. त्यात कोण वरचढ आणि कोणी मागे सरकायचे, हे ठरलेले असते. पाळलेले दोन पक्षी बहुधा परके असतात. एकत्र शिकार करण्याची वृत्ती दोघांत असते, पण आपापसातला क्रम ठरलेला नसतो. त्यामुळे शिकवणाऱ्याचे खरे काम शिकार शिकवण्याचे नाही, तर भांडणाचे कारण काढून टाकण्याचे असते. ते कारण जवळजवळ नेहमी एकच असते, ते म्हणजे अन्न.

वजनकाट्याला एवढे महत्त्व का?

शिकारीला सोडायचा पक्षी रोज काट्यावर ठेवला जातो आणि वजनाची ग्रॅममध्ये नोंद होते. पोट भरलेला पक्षी झाडावर बसून राहतो, हाकेला येत नाही. फार उपाशी पक्षी अधीर होतो. एकटा उडणारा पक्षी अधीर असला तर त्याचा त्रास त्याच्या माणसाला होतो. जोडीत मात्र असा पक्षी साथीदाराला घास पळवणारा चोर समजतो. म्हणून अनुभवी मंडळी जोडीने सोडायच्या पक्ष्यांचे वजन एकट्याने उडतानाच्या वजनापेक्षा थोडे वरच ठेवतात.

ओळख कोणत्या टप्प्यांनी होते?

१. आधी दोन्ही पक्षी स्वतंत्रपणे तयार हवेत. हाकेसरशी हातमोज्यावर येणे, माणसामागे झाडावरून झाडावर जाणे आणि एकट्याने शिकार करणे, हे प्रत्येकाला जमले पाहिजे. एक कच्चा पक्षी पक्क्याच्या सोबतीने शिकेल, या भरवशावर राहिले तर दोघेही बिघडू शकतात.

२. मग दोघांना वेगवेगळ्या बैठकींवर, एकमेकांना दिसतील पण पोहोचता येणार नाहीत अशा अंतरावर बांधतात. येथे निरीक्षण महत्त्वाचे. डोक्याची पिसे फुलवणे, टक लावून पाहणे आणि समोरच्याच्या दिशेने झेपावणे ही तणावाची लक्षणे. पंख साफ करणे, एका पायावर उभे राहणे, दुसऱ्याकडे पाठ करून बसणे ही निवांतपणाची. यात काही दिवस जातात, कधी काही आठवडेही.

३. पुढचा टप्पा एकाच वेळी खाण्याचा. दोन माणसे, दोन हातमोजे आणि मध्ये भरपूर अंतर. आपल्याला आपल्याच माणसाच्या हातावर खायला मिळते आणि दुसरा ते हिरावून घेत नाही, हे दोघांना पटले की अंतर कमी करत आणतात.

४. त्यानंतर सशांचा मागमूस नसलेल्या मोकळ्या रानात दोघांना एकत्र सोडतात. ते जवळच्या झाडांवर शांत बसतात का, हाकेला आपापल्या माणसाकडे येतात का, हे पाहिले जाते. दोघांच्याही अंगावर माग काढणारा छोटा ट्रान्समीटर असतो, कारण भांडण झाले तर एक पक्षी लांब निघून जाऊ शकतो.

या चारही टप्प्यांवर गडबड दिसली तर एक पाऊल मागे येणे, हाच उपाय.

सर्वात धोक्याचा क्षण कोणता?

पहिली शिकार. ससा एक आणि त्याला धरायला येणारे पायांचे जोड दोन. या झटापटीत एकाची नखे दुसऱ्याच्या पायात रुततात. इंग्रजीत याला ‘क्रॅबिंग’ म्हणतात. शिकारी पक्ष्याच्या बोटांतील स्नायुबंधांना कुलपासारखी रचना असते. एकदा पकड बसली की ती जास्त जोर न लावताही टिकून राहते. पक्षी ओढून सोडवायला गेले तर तो उलट अधिक घट्ट धरतो आणि जखम वाढते.

नख खोल गेले तर आत जंतुसंसर्ग होतो. पायच शिकारीचे साधन असल्याने अशा जखमेनंतर पक्षी कायमचा निकामी होऊ शकतो. मादी नरापेक्षा बरीच जड असल्याने नराला धोका जास्त.

म्हणून पहिल्या काही शिकारींना दोन्ही माणसे धावत पोहोचतात. ससा आधी पक्का धरला जातो. मग प्रत्येक पक्ष्याला हातमोज्यावर मांस दाखवून वेगळ्या बाजूला घेतात आणि तोवर ससा झाकून टाकतात. पकड कोणाचीही असो, बक्षीस दोघांना मिळते. रिकाम्या पोटी परतलेला पक्षी पुढच्या वेळी सशाऐवजी साथीदारावर झेपावण्याची शक्यता असते.

प्रत्येक जोडी जमते का?

नाही. माणसाने लहानपणापासून हातावर वाढवलेले पक्षी अनेकदा अधिक आक्रमक असतात. आईबापांजवळ वाढलेले पक्षी जोडीसाठी बरे मानले जातात. एका हंगामात जमलेली जोडी पुढच्या हंगामात नव्याने तपासावी लागते. तिसरा पक्षी आणला तर आधीचा क्रमही विस्कटतो. काही पक्षी शेवटपर्यंत कोणालाच स्वीकारत नाहीत. त्यांना एकटेच उडवणे, हा जबाबदार निर्णय ठरतो.

अमेरिकेत तर नवशिक्याला दोन पक्षी ठेवताच येत नाहीत. परवान्यासाठी लेखी परीक्षा आणि जागेची तपासणी असते. त्यानंतर किमान दोन वर्षे अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काढावी लागतात आणि त्या काळात एकच पक्षी ठेवण्याची मुभा असते.

भारतात हे करता येते का?

फाल्कनरी २०१० पासून युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे. २०२१ पर्यंत तिच्याशी २४ देश जोडले गेले. त्यात पाकिस्तान आहे, भारत नाही. आपल्याकडे संस्थानिकांच्या पदरी शिकरा, बहिरी ससाणा आणि बाज शिकवणारे बाजदार असत. आता वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हे पक्षी पकडणे, पाळणे आणि त्यांच्याकरवी वन्यजीवांची शिकार करणे गुन्हा आहे. ससाही याच कायद्याने संरक्षित आहे. हॅरिस हॉक परदेशी असला तरी त्याचा व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रजाती बाळगण्यासाठी नोंदणीची तरतूद झाली आहे. त्यामुळे जोडीने झेपावणाऱ्या पक्ष्यांची चित्रफीत आवडली, म्हणून कोणी जखमी शिकरा घरी ठेवून त्याला शिकवू लागला, तर ती हौस नव्हे, गुन्हा ठरेल. असा पक्षी सापडल्यास वन विभागाला कळवणे हाच योग्य मार्ग.