सकाळची मोटार आणि मिश्र संगीत

ठाण्याहून सकाळीं निघालेली मोटार मुंबईच्या कोट विभागांत पोहोंचते, तेव्हां बहुधा तास उलटून गेलेला असतो. तेवढ्या वेळांत आंतील श्रोत्याचें भैरवांतला खयाल, एखादें नाट्यपद, जुनें चित्रपटगीत आणि एखादा विलायती वाद्यवृंद असें सारें ऐकून होतें. अशा ऐकण्याला कित्येक जाणकार खिचडी म्हणून नांवें ठेवतात. घरच्या बैठकीपुरता तो आक्षेप रास्त आहे. मोटारीला मात्र तो पुरता लागू पडत नाहीं, आणि त्याचें कारण रुचीपेक्षां ध्वनींत अधिक आहे.

धांवत्या मोटारींत चाकांची घरघर आणि यंत्राची गुणगुण अखंड चालू असते. हा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टींतला. तंबोऱ्याचा खर्ज त्यांत बुडून जातो, आणि विलंबित खयालांतील हलकी मींड ऐकण्यासाठीं श्रोता आवाज वाढवितो. पुढें द्रुत लय सुरू झाली, कीं तोच आवाज कानठळ्या बसवितो. हात कळीकडे जातो, नजर रस्त्यावरून ढळते. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार तसल्या दोन सेकंदांत सुमारें ३३ मीटर पुढें गेलेली असते. घरीं क्षम्य असलेली ही खटपट रस्त्यावर जिवावर बेतूं शकते.

म्हणूनच मोटारींत लहान व भरीव चिजा अधिक साजतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावत असे. अब्दुल करीम खां, केसरबाई केरकर यांच्यासारख्यांनीं त्या कोंडींतच रागाचें रूप उभें केलें. केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी तर १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ यानांच्या सोनेरी तबकडीवरून अंतराळांत गेली. त्याच तबकडीवर बाखही आहे आणि अमेरिकेचा चक बेरीही. खिचडीला हिणविणाऱ्यांनीं हें पंक्तिभोजन एकदां पाहावें.

मिश्रणाचा खरा लाभ मात्र निराळाच. भैरवांतील एखाद्या चिजेनंतर ‘जागते रहो’ (१९५६) या चित्रपटांतलें, सलिल चौधरींनीं त्याच रागांत बांधलेलें लता मंगेशकरांचें गाणें लावावें. आंदोलित कोमल ऋषभ दोन्हीकडे कानीं पडतो, आणि ज्याला रागाचें नांवही ठाऊक नाहीं त्यालाही नातें उमगतें. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं सुरू झालेल्या विविध भारतीच्या ‘संगीत सरिता’ या कार्यक्रमानें हीच युक्ति योजिली: आधीं रागाची ओळख, मग त्या रागांतलें चित्रपटगीत.

परंतु नातें नसलेल्या दोन गाण्यांत षड्ज बदलतो, आणि नवा ‘सा’ कानांत स्थिर व्हावयास कांहीं क्षण लागतात. नभोवाणीवरील निवेदकाचीं दोन वाक्यें तेवढी उसंत देत. यंत्रानें निवडलेली आजची माळ बहुधा ती देत नाहीं. तेव्हां क्रम घरीं निघण्यापूर्वींच लावून ठेवावा, आणि मधून मधून नुसती सतार किंवा बांसरी घालावी. विलंबित खयालाची हौस असलेल्यांनीं तो शीवसाठीं राखून ठेवावा. तेथें महामार्ग संपून मोटारी गर्दींत खोळंबतात, चाकें थांबतात, आणि तंबोरा ऐकूं येऊं लागतो.