परदेशी निघालेल्या मुलांची वैद्यकीय शिदोरी

परदेशगमन ही गोमंतकीयांना नवी गोष्ट नाही. मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका, आखाती देश आणि आगबोटी असा हा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पूर्वी बहुधा कर्ता पुरुष एकटा जाई आणि मुलेबाळे आजी-आजोबांच्या छायेत गावीच वाढत. गेल्या पंचवीस वर्षांत हे चित्र पालटले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट मिळाल्याने अनेक कुटुंबे पोर्तुगालला आणि तेथून इंग्लंडातील स्विंडन, साउथॉल येथे पोहोचली. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर माझ्या डिचोलीच्या दवाखान्यातील काही कुटुंबांनीही आखाताची वाट धरली. २०२३ च्या जानेवारीपासून मोप्याचा विमानतळ सुरू झाला आणि पेडणेकरांना तर परदेश अंगणाशी आल्यासारखा वाटू लागला.

जाण्यापूर्वी ही मंडळी मुलांना घेऊन माझ्याकडे येतात. व्हिसा, तिकीट, राहण्याची जागा यांची तयारी त्यांनी कित्येक महिने केलेली असते. मुलाच्या आरोग्याचा विचार मात्र शेवटच्या आठवड्यात सुचतो. म्हणून हा लेखप्रपंच.

एक कबुली

प्रथम माझीच एक चूक सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातील एक माता सात वर्षांच्या मुलाला घेऊन पतीकडे इंग्लंडला निघाली होती. मुलाला अपस्माराचा विकार होता व औषधाने तो दोन वर्षे आटोक्यात होता. मी घाईत चिठ्ठीवर औषधाचे कंपनीने ठेवलेले नाव आणि ‘एक चमचा दोन वेळा’ एवढेच लिहिले. तिने बाटल्या मोठ्या बॅगेत भरल्या. बॅग चुकली आणि तीन दिवसांनी हाती आली. दरम्यान तिने तेथील डॉक्टरांना माझी चिठ्ठी दाखविली; परंतु ते नाव तेथे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि एका चमच्यात किती मिलिग्रॅम हेही त्यावर नव्हते. तिसऱ्या दिवशी मुलाला दीर्घ झटका आला व दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. मुलगा सुखरूप बरा झाला, हे आमचे भाग्य. तिने फोनवर मला एका शब्दानेही दोष दिला नाही. “डॉक्टर, चिठ्ठी परत लिहून पाठवाल ना?” एवढेच ती म्हणाली. त्या दिवसापासून माझी चिठ्ठी लिहिण्याची पद्धत बदलली.

औषधे

नियमित औषध चालू असलेल्या मुलासाठी डॉक्टरांकडून टंकलिखित पत्र घ्यावे. त्यात निदान, औषधाचे मूळ रासायनिक नाव, मिलिग्रॅममधील मात्रा, मुलाचे वजन, ॲलर्जी आणि पूर्वीच्या शस्त्रक्रिया यांची नोंद असावी. किमान महिनाभर पुरेल इतके औषध मूळ वेष्टनासह हातातल्या बॅगेत ठेवावे. इन्सुलिन तर सामानकक्षात कधीच देऊ नये. तेथे ते गोठण्याचा धोका असतो आणि गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. दम्याचा पंप व स्पेसरही हाताशीच हवा.

आखाती देशांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. कोडीन, ट्रॅमॅडॉल, क्लोनाझेपाम, मिडाझोलॅम ही औषधे संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत आणि ती नेण्यापूर्वी तेथील सरकारी परवानगी घ्यावी लागते. अपस्माराच्या मुलांना आपण मिडाझोलॅमचा नाकातील फवारा सर्रास देतो, हे व्यवसायबंधूंनी ध्यानात घ्यावे. आजीने प्रेमाने बांधून दिलेली खसखसही तेथे निषिद्ध आहे. बाळाच्या डोळ्यांतील काजळ-सुरमा मात्र कोणत्याही देशात नेऊ नये; त्यात शिसे असू शकते.

लसीकरणाचा दाखला

तारखेविना असलेली लस ही न दिलेली लस, असेच परदेशात धरले जाते. ‘सर्व लसी दिल्या’ एवढे लिहिणे पुरत नाही. प्रत्येक मात्रेची तारीख, लसीचे नाव, शिक्का व सही असलेली इंग्रजी प्रत करून घ्यावी. जुने कार्ड हरवले असल्यास आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत शोध घ्यावा. अलीकडील बालकांची नोंद यू-विन या सरकारी प्रणालीवरही मिळू शकते.

दोन बाबी विशेष आहेत. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची एमआर लस दिली जाते. गोव्यात ती २०१७ च्या पहिल्याच टप्प्यात आली. तिच्यात गालगुंडाचा अंश नसतो, आणि अनेक देश तिन्ही रोगांवरची एमएमआर लस मागतात. शिवाय वर्ष पूर्ण होण्याआधी दिलेली गोवराची मात्रा इंग्लंडमध्ये हिशेबात धरत नाहीत. तेव्हा वर्षानंतर एमएमआरच्या दोन मात्रा झाल्या आहेत ना, हे प्रस्थानापूर्वी किमान दोन महिने पाहावे. कारण या दोन मात्रांत चार आठवड्यांचे अंतर लागते.

दुसरी बाब बीसीजीची. ही लस आपल्याकडे जन्मतःच देतात. ब्रिटनने शाळकरी मुलांना ती सरसकट देणे २००५ मध्ये थांबविले. बीसीजीमुळे क्षयाची त्वचाचाचणी कधी कधी सकारात्मक येते आणि पालक हादरतात. म्हणून तिची तारीखही दाखल्यावर हवी. सहा महिन्यांहून अधिक वास्तव्याच्या ब्रिटिश व्हिसासाठी मान्यताप्राप्त केंद्रातील क्षयतपासणीचे प्रमाणपत्र लागते. अकरा वर्षांखालील मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत. ब्रिटन २०२० च्या अखेरीस युरोपीय मुक्त संचारातून बाहेर पडल्यापासून केवळ पोर्तुगीज पासपोर्टवर तेथे जाऊन वसता येत नाही, हेही अजून कित्येकांना ठाऊक नसते.

नावांचा घोळ

पोर्तुगीज काळातील नोंदींत प्रभूंचे ‘पोरोबो’ आणि कामतांचे ‘कामोतिम’ झालेले आपण पाहतो. आजोबांच्या नोंदीत एक, वडिलांच्या पासपोर्टवर दुसरे आणि बाळाच्या लसीकार्डावर ‘बेबी ऑफ’ असा तिसराच प्रकार असतो. जन्मदाखला, पासपोर्ट व वैद्यकीय कागद यांतील नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळली पाहिजे. भारत २००५ पासून हेग करारात असल्याने पोर्तुगाल व ब्रिटनसाठी जन्मदाखल्यावर अपोस्टिल पुरते. करारात नसलेल्या देशांसाठी त्यांच्या दूतावासाचे साक्षांकन घ्यावे. वडील आगबोटीवर असतील व आई एकटीच मुलांना नेणार असेल, तर वडिलांचे संमतिपत्र सोबत असावे. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. तेव्हा मुलांच्या नागरिकत्वाचा निर्णय घाईने घेऊ नये.

पोहोचल्यानंतर

मूल आजारी पडण्याची वाट न पाहता पहिल्या पंधरवड्यातच नोंदणी करावी: इंग्लंडमध्ये जवळच्या जीपीकडे, पोर्तुगालमध्ये आरोग्य केंद्रात. तेथील हिवाळ्यात ऊन तोकडे असते आणि आपली त्वचा सावळी. म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाबाबत पहिल्याच भेटीत विचारावे. मुलाला ताप आल्यास ‘आम्ही भारतातून आलो आहोत’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. व्हायवॅक्स प्रकारचा हिवताप काही महिन्यांनीही डोके वर काढू शकतो, आणि तिकडच्या डॉक्टरांच्या तो सहज मनात येत नाही.

मुलाच्या मनाचीही तयारी हवी. लहान मूल नव्या शाळेत काही आठवडे गप्प राहते, रात्री अंथरूण ओले करते, जेवत नाही. बहुतेकदा हे तात्पुरते असते. ते ओसरले नाही तर मात्र सल्ला घ्यावा. घरात मराठी-कोकणी बोलल्याने इंग्रजी मागे पडेल, ही भीती निराधार आहे. दोन भाषा सांभाळण्याची शक्ती बालकाला निसर्गतःच लाभलेली असते. आजीशी तिच्याच भाषेत बोलता येणे हाही त्याच्या स्वास्थ्याचाच भाग मानावा.

शेवटी व्यवसायबंधूंना एक विनंती. निरोप घ्यायला आलेल्या कुटुंबासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत आणि पत्र सुवाच्य लिहावे. आपण येथे लिहिलेला कागद सात समुद्रांपलीकडे आपल्या वतीने बोलणार असतो. ज्या मुलाची गोष्ट मी वर सांगितली, तो आता महाविद्यालयात शिकतो. गेल्या चतुर्थीला तो गावी आला होता, तेव्हा मुद्दाम भेटून गेला. त्याच्या खिशात औषधाचे नाव, मात्रा व निदान लिहिलेले छोटे कार्ड होते. ते त्याने स्वतः तयार केले होते.