गावजत्रेचे आयोजन आणि वर्गणी

गावजत्रा (यात्रा, उरूस) म्हणजे ग्रामदैवताच्या नावाने वर्षातून एकदा भरणारा गावाचा सामुदायिक उत्सव होय. पश्चिम महाराष्ट्राच्या देशावरील भागात, विशेषतः पुणे, सातारा, सांगली, अहिल्यानगर व सोलापूर या जिल्ह्यांत, अनेक गावांच्या जत्रा चैत्र-वैशाखात येतात. रब्बीची ज्वारी, गहू आणि हरभरा तोवर खळ्यावरून घरात आलेला असतो आणि खरिपाच्या पेरणीला अवकाश असतो. धान्य, पैसा आणि सवड या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हाती एकाच वेळी असण्याचा हा काळ. त्यामुळे नावाने देवाची असलेली ही जत्रा व्यवहारात सुगीचाच सण ठरते. जेजुरी किंवा जोतिबासारख्या मोठ्या तीर्थक्षेत्रांच्या यात्रांचा कारभार देवस्थानांकडे असतो. प्रस्तुत लेखात गावकऱ्यांनी स्वतः पैसा व श्रम घालून भरवलेल्या लहान जत्रांचा विचार केला आहे.

यात्रा कमिटी

जत्रेचा कारभार ‘यात्रा कमिटी’ पाहते. ही बहुधा ग्रामपंचायतीहून वेगळी आणि बिनपगारी असते. गुढीपाडव्याच्या सुमारास किंवा त्याआधी देवळात अथवा चावडीवर बैठक होते, दवंडी किंवा ध्वनिक्षेपकावरून तिची सूचना दिली जाते. प्रत्येक भावकीचा, आळीचा व वाडीचा एकेक माणूस कमिटीत असावा असा संकेत आहे. तो पाळला गेला नाही, तर त्या वाडीची वर्गणी अडते, हे कमिटीवाल्यांना अनुभवाने ठाऊक असते. पालखीचे भोई, काठी धरणारे, मांडव-डहाळे आणणारे, छबिन्यापुढे वाजवणारे हे परंपरेने ‘मानकरी’ असतात. त्यांची कामे कमिटी ठरवत नाही. मंडप, पाणी, वाहनतळ, पाहुण्या कलावंतांचे जेवण आणि कुस्तीच्या हौद्यातील माती ही कामे मात्र तरुण मंडळांच्या वाट्याला येतात.

वर्गणी

पूर्वी बलुतेदारांचा वाटा जसा खळ्यावर धान्याच्या रूपाने निघे, तसाच अनेक ठिकाणी देवाचाही निघत असे. रोख वर्गणी रूढ झाल्यावर आकारणीचे एकक कोणते धरावे, हा प्रश्न उभा राहिला. काही गावांत ती उंबऱ्यामागे, काही गावांत चुलीमागे, तर काही गावांत जमिनीच्या एकरामागे बसवली जाते. वरवर किरकोळ वाटणारा हा फरक बैठकीत सर्वांत जास्त वेळ खातो. एका उंबऱ्याआड तीन भावांच्या तीन चुली असतील, तर उंबऱ्याच्या हिशेबाने त्या घराला एक आणि चुलीच्या हिशेबाने तीन वर्गण्या पडतात. शिवाय भावाभावांनी चूल वेगळी केली की नाही, हे घरातले भांडण त्या निमित्ताने चारचौघांत येते ते निराळेच. एकराचा हिशेब भूमिहीनाला सोयीचा, पण बागायतदाराला जाचक असतो. उदाहरणादाखल ३०० चुलींच्या गावात चुलीमागे १,००० रुपये धरले, तर ३ लाख रुपये जमतात. तेवढ्यात तमाशा, कुस्त्या आणि मंडप भागतीलच असे नाही.

उरलेली तूट बाहेरगावी असलेले गावकरी भरून काढतात. मुंबईच्या कापड गिरण्यांत व बाजारपेठांतील माथाडी कामांत घाटावरच्या गावांतील हजारो पुरुष होते. गावकीच्या खोल्यांत एकत्र राहणाऱ्या या ‘मुंबईकरांची’ मंडळे जत्रेसाठी स्वतंत्र वर्गणी काढत. आज हीच भूमिका पुणे, पिंपरी-चिंचवड व नवी मुंबईत स्थायिक झालेले लोक बजावतात. याशिवाय पाळणे व दुकानांच्या जागांचे भाडे, नवसाच्या देणग्या आणि एखाद्या कार्यक्रमाचा पूर्ण खर्च उचलणारे दाते ही उत्पन्नाची अन्य साधने होत. निवडणुकीच्या वर्षी अशा दात्यांची संख्या वाढते.

सुपारी आणि इनाम

खर्चाचा मोठा भाग तमाशा व कुस्त्यांवर जातो. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे हंगामात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या कमिट्या तेथे येऊन ‘सुपारी’ ठरवतात. म्हणूनच नारायणगावाला तमाशा पंढरी म्हटले जाते. दर फडाच्या लौकिकावर ठरतो, तसाच तारखेवरही. चैत्र पौर्णिमेसारख्या दिवशी अनेक गावांची जत्रा एकदम असल्याने मोठ्या फडाला मागणी जास्त येते आणि रक्कम चढते. विसार देऊन करार होतो. गावाने पैसे मोजलेला हा खेळ प्रेक्षकांना फुकट असतो. रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी फडाने ‘हजेरी’ देण्याचीही प्रथा आहे.

कुस्त्यांच्या मैदानाचा हिशेब वेगळा असतो. आरंभी लहान मुलांच्या रेवड्यांवर किंवा नारळावर कुस्त्या होतात, मग इनामाची रक्कम चढत जाते आणि शेवटची कुस्ती सर्वांत मोठ्या इनामाची असते. इनाम अनेकदा एकेका दात्याच्या नावाने जाहीर होते. त्यामुळे कमिटीचा भार हलका होतो, पण आखाड्यात जाहीर झालेली रक्कम नंतर वसूल करण्याचे काम तिच्याच माथी येते.

जत्रेच्या दिवशी प्रत्येक घरी होणारा खर्च कमिटीच्या वहीत येत नाही. माहेरवाशिणी, पाहुणे, पुरणपोळीचा नैवेद्य आणि काही दैवतांच्या जत्रेत दुसऱ्या दिवशीचे मटणाचे जेवण यांवर अनेक घरे वर्गणीच्या कित्येक पट खर्च करतात. तो भार मुख्यतः स्त्रियांच्या श्रमावर उभा असतो. कमिटीत मात्र स्त्रिया क्वचितच दिसतात.

कायदा व परवानग्या

नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गावपातळीवर ही तरतूद फारशी परिचित नाही. तेथे पावतीपुस्तक आणि जत्रेनंतर देवळात होणारे हिशेबाचे जाहीर वाचन हाच खरा लेखापरीक्षणाचा मार्ग असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास बंदी आहे. शासनाने सूट दिलेल्या मोजक्या दिवशीही मर्यादा मध्यरात्रीची असते. पहाटेपर्यंत चालणाऱ्या वगाला त्यामुळे कात्री लागली.

बैलगाडा शर्यतींवर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा दुरुस्ती कायदा वैध ठरवला. आता शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

वादाचे मुद्दे

वर्गणी ऐच्छिक म्हटली जात असली, तरी न देणाऱ्याचे नाव फलकावर लावणे किंवा त्याच्या लग्नकार्याला न जाणे अशा मार्गांनी दबाव येतो. मानाचा प्रश्न अधिक खोल आहे. जत्रेतील अनेक कामे जातीनुसार वाटलेली होती आणि त्यांत दलितांच्या वाट्याला सक्तीची, हलकी मानलेली कामे येत. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध समाजाने ठिकठिकाणी ही कामे नाकारली. त्यावरून काही गावांत बहिष्काराचे प्रसंगही घडले. महार वतन १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आले. आज अनेक गावांत बौद्ध वस्तीकडून जत्रेची वर्गणी मागितली जात नाही आणि आंबेडकर जयंतीची वर्गणी स्वतंत्रपणे निघते. दोन्ही कार्यक्रम एप्रिलमध्ये जवळजवळ येत असल्याने काही ठिकाणी मंडप व ध्वनिक्षेपक मात्र सामाईक असतात.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्च रोजी, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आला. त्या आणि पुढच्या वर्षी जत्रा रद्द झाल्या. दिलेले विसार परत मागावेत की फडाकडेच राहू द्यावेत, हा पेच कमिट्यांपुढे होता. सुपारीवरच पोट असलेल्या तमाशा कलावंतांचे दोन हंगाम बुडाले. २०२२ च्या चैत्रापासून जत्रा पुन्हा भरू लागल्या.