डीपी ते डेक : कौंडण्यपुरात स्वच्छ गाणं ऐकायचं तर

अ‍ॅम्प्लिफायर सॉकेटमधली वीज घेतो आणि तीच गाण्याच्या आकारात स्पीकरला देतो. त्यामुळे विजेत जो कचरा येईल, त्यातला काही गाण्यात उतरतो. तो वाटेतच अडवणारा डबा म्हणजे पॉवर कंडिशनर. मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींना तो आवाजाचा पोत सुधारायला हवा असतो. तिवसा तालुक्यात, वर्धेच्या काठावरच्या कौंडण्यपुरात त्याचं पहिलं काम त्याहून मोठं आहे : अ‍ॅम्प्लिफायर जिवंत ठेवणं. हा डबा घरी बनवता येतो आणि बनवावा, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी ही चटपटीत शिदोरी.

घूं कोणत्या पट्टीतली?
आपली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात ती डीसी होताना या 50 चे 100 होतात. म्हणून स्पीकरमधून येणारी घूं दोन प्रकारची असते. 100 ची घूं खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर लागते. भजनी मंडळातला पेटीवाला ती कानानेच ओळखेल. 50 ची घूं त्याच्याही एक सप्तक खाली. हा फरक कामाचा आहे. 100 ची असेल तर बहुधा अ‍ॅम्प्लिफायरमधले मोठे कपॅसिटर सुकलेत. 50 ची असेल तर अर्थिंगची किंवा सिग्नलच्या वायरची भानगड आहे.

माहेरची घूं, सासरची घूं
31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका लयीत आलं. तेव्हापासून साऱ्या देशाच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी एकच. रुक्मिणीच्या माहेरी, कौंडण्यपुरात, अ‍ॅम्प्लिफायर ज्या सुरात घूं करतो, त्याच सुरात तो तिच्या सासरी, सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरातही करतो. आषाढीला रुक्मिणीची पालखी इथून पायी तिकडे जाते. घूंचा सूर वाटेत कुठेच बदलत नाही.

230 चे 325
सॉकेटवर 230 व्होल्ट म्हणतात, पण लाटेचं टोक 325 व्होल्टला पोचतं. अ‍ॅम्प्लिफायर वीज ओढतो ती मुख्यतः या टोकाशीच, क्षणभर, भरपूर. म्हणून डब्यातला फिल्टर नेमका अ‍ॅम्प्लिफायरपुरता घेतला की जोरकस तबल्याला आवाज दबतो. फिल्टर ऐसपैस घ्या : 10 अँपिअरचा.

मोटारी लागल्या, वॅट पडले
साध्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घसरते. 230 व्होल्टला 100 वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर 180 व्होल्टला 61 वॅटच देतो. गावठाणाचा फीडर शेतीपासून वेगळा असेल तिथे हा त्रास कमी. पण घर आणि शेतीच्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, असतील तर संध्याकाळची मैफल हमखास डिम होते. त्यात ऑटो स्विचचा वाटा मोठा. लाइन येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. इथे एक स्पष्ट सांगतो : घरगुती कंडिशनर व्होल्टेज वाढवत नाही. त्याला स्टॅबिलायझरच लागतो, आणि तोही सर्व्हो पद्धतीचा. रिलेवाला टकटक करतो आणि ती टकटक स्पीकरमध्ये उतरते.

न्यूट्रल गेला की
गावात अ‍ॅम्प्लिफायर, टीव्ही, फ्रिज एका रात्रीत जळतात ते बहुतेकदा विजा कडाडल्यामुळे नाही, तर डीपीवरचा न्यूट्रल सुटल्यामुळे. आपल्या घरात एक फेज येतो, शेजारच्या घरात दुसरा. दोन फेजमध्ये 400 व्होल्ट असतात आणि घरातल्या वस्तूंना 230 वर राखतो तो न्यूट्रल. तो सुटला की दोन्ही घरं एका माळेत जोडल्यासारखी होतात. ज्या घरात कमी वस्तू चालू, तिथे व्होल्टेज 300 च्या पुढे चढतं. ज्या घरात जास्त, तिथे बल्ब मिणमिणतात. काही बल्ब झगझगीत आणि काही मंद, असं दिसलं की मेन स्विच आधी पाडा, चौकशी नंतर करा.

म्हणून डब्यातला पहिला मान व्होल्टेज प्रोटेक्टरचा. हा एमसीबीशेजारी बसणारा छोटा ठोकळा 270 च्या वर किंवा 170 च्या खाली गेलं की वीज तोडतो. आकडे आपल्याला लावता येतात. वीज परत आल्यावर तो ठरवलेला वेळ थांबतो. तीन मिनिटं ठेवा, तोवर मोटारींचा गोंधळ शमतो. महागड्या फिल्टरआधी हा घ्या.

जपानी गोळी
निळी, बिस्किटासारखी चपटी गोळी म्हणजे एमओव्ही, मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. जस्ताच्या ऑक्साइडची ही करामत जपानमधल्या मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी 1960 च्या दशकाच्या शेवटी शोधली. व्होल्टेज नेहमीचं असेल तर गोळी गप्प; अचानक उसळलं की वाट मोकळी करून ती उसळी स्वतः पिते. पण ती पिते क्षणभराची उसळी. न्यूट्रल गेल्यावरचं तासभराचं जादा व्होल्टेज तिच्यावर सोडलं तर ती पेटते. म्हणून तिच्याआधी प्रोटेक्टर आणि फ्यूज हवाच. मृगाआधीच्या वळवाच्या विजांना मात्र एकच इलाज : प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढून ठेवा.

प्लगलाही चटका
फेज आणि न्यूट्रलच्या मधे बसतो तो चौकोनी कपॅसिटर ‘एक्स-2’ छापाचाच हवा. तो बिघडला तरी पेटू नये अशी त्याची घडण असते. तसाच फेज-अर्थमधला ‘वाय’ छापाचा. पंख्याचा कपॅसिटर इथे लावू नका. आणि गंमत बघा : प्लग काढल्यावरही एक्स-2 मध्ये 325 व्होल्टपर्यंत साठा राहू शकतो. पिनांना बोट लागलं की चटका! त्याच्याशी समांतर 470 किलोओमचा रेझिस्टर लावा, साठा दोन सेकंदांत उतरतो.

कूलरची टक्क
वऱ्हाडात मे महिन्यात कूलरशिवाय गाणं ऐकणं अशक्य. कूलर बंद करताना स्पीकरमध्ये येणारी टक्क म्हणजे स्विचमधली ठिणगी. रेझिस्टर-कपॅसिटरची तयार जोडी कूलरच्या स्विचवर लावली की ती विझते. रोग कूलरचा, औषधही कूलरलाच! पंख्याचा गोल फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि हलक्या प्रतीचे एलईडी बल्ब हेही कचरा करणारेच. शोधायचं कसं? मध्यम लहरींचा जुना ट्रान्झिस्टर दोन केंद्रांच्या मधे लावा आणि घरभर फिरवा. जिथे तो करकरेल, तिथे चोर.

काळी माती
सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग अर्थिंग. वऱ्हाडची काळी माती ओली असताना वीज फार छान वाहून नेते. उन्हाळ्यात मात्र ती भेगाळते आणि आक्रसून अर्थिंगच्या पाइपाची साथ सोडते. पावसाळ्यात ठणठणीत असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरतं उरतं. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात उन्हाळाभर दर दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी ओता. फिल्टरमधले वाय कपॅसिटर आपला कचरा अर्थिंगमध्येच टाकतात, ते कोरडं असेल तर डब्याचं निम्मं काम वाया. न्यूट्रललाच अर्थिंग म्हणून जोडण्याची खोड काही घरांत दिसते. न्यूट्रल तुटला की अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यात फेज उतरतो आणि माणूस मरतो.

डबा असा
पत्र्याचा डबा, त्याला अर्थिंगचा पक्का बोल्ट. मग क्रमाने 6 अँपिअरचा एमसीबी, प्रोटेक्टर, फ्यूज, एमओव्ही, तयार फिल्टर, सॉकेट. वायर 1.5 चौरस मिलिमीटरची, तांब्याची. सेट टॉप बॉक्स आणि सीडी प्लेयरला वेगळा छोटा फिल्टर द्या, म्हणजे त्यांचा कचरा अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणार नाही. परीक्षेला तुकडोजी महाराजांचं खंजिरीवरचं भजन लावा. त्यांची गुरुकुंज मोझरी याच तालुक्यातली. खंजिरीच्या झांजांची शेवटची किणकिण खरखरीत न बुडता ऐकू आली, की डबा पास.

डिशच्या केबलमधून येणारी घूं मात्र हा डबा घालवणार नाही. केबल काढून बघा. घूं थांबली तर केबलसाठी वेगळा आयसोलेटर लागेल. घूं घालवायला प्लगची अर्थ पिन कधीही तोडू नका. आणि पहिल्यांदा वीज सोडण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलावून डब्याची जोडणी तपासून घ्या, घरचं अर्थिंग मोजून घ्या.