परसांतील जुनीं झाडें कां वाळतात ?

गेल्या वैशाखांत आमच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस आपलें परस पाहण्यास नेलें. वडिलांच्या हातचे दोन आंबे, एक कागदी लिंबू व जास्वंदीचें जुनें झुडूप, सर्वच दोन वर्षांपासून शेंड्याकडून वाळत चाललेलीं. बुंध्याशीं वाळवी दिसली म्हणून तिचेंच हें कृत्य असें ठरवून आंबे तोडावयास माणसेंही सांगून ठेविलीं होतीं.

वाळवीवर आळ घेणें सोपें. पण ती बहुधा आधींच मेलेल्या सालीवर व लांकडावर येते. रोग किंवा कीड साधारणतः आपलें झाड निवडते. आंब्यास भिरूड कीड लागली तर खोडाच्या भोंकांतून भुसा पडतो. लिंबास डिंक्या झाला तर बुंध्याजवळ सालींतून डिंक वाहतो. येथें भुसा नाहीं, डिंकही नाहीं. निरनिराळ्या जातींचीं झाडें एकदम खंगूं लागलीं, कीं वाचकांनीं दोष प्रथम जमिनींत, पाण्यांत किंवा स्वतःच्या हातांत शोधावा.

जुन्या झाडाचा बुंधा जमिनीशीं येतांना रुंदावतो व मुळांचे फाटे वर दिसतात. हीं खोडें मात्र खांब पुरावेत तशीं सरळ जमिनींत गेलेलीं. विचारतां कळलें कीं, तीन वर्षांपूर्वीं घर बांधतांना निघालेली माती व मुरूम हातभर पसरून वर फरशी बसविली, आणि न्हाणीचें पाणीही तिकडेच सोडलें. (फरशीची हौस आतां खेड्यांतही आली आहे !)

अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात, व त्यांस हवा लागते. दाबलेल्या भरावांत पाणी सांचलें कीं त्या गुदमरतात. पण थोर झाड सांठविलेल्या अन्नावर वर्ष-दोन वर्षें हिरवें राहतें. म्हणून मालकाच्या मनांत कारण व परिणाम यांची गांठ पडत नाहीं. आम्हीं खणून पाहिलें तों मुळ्या काळ्या, कुजकट वासाच्या, बोटानें साल सुटणाऱ्या.

माणसांस परत पाठविलें. फरशी काढून, मुळांस कुदळ न लागेल अशा बेतानें जुनी जमीन लागेपर्यंत भराव उपसला. न्हाणीचें पाणी दुसरीकडे वळविलें. वाळक्या फांद्या तेवढ्या काढल्या. खत घालण्याचा स्नेह्यांचा आग्रह होता, तो आम्हीं मोडला. कुजक्या मुळांस त्याचा अपायच होतो.

लिंबू व जास्वंद गेलींच. धाकट्या आंब्यास आश्विनांत पालवी आली. थोरल्याच्या एकाच फांदीवर हिरवें आहे. स्नेही रोज सकाळीं जाऊन ती पाहतात.