बॉल लाइनीच्या बाहेर, तरी गोल!

क्रिकेटचा सामना संपला की पानठेल्यावर वाद होतो, हे आपल्या नागपूरला नवे नाही. पण १२ जून २०२४ च्या सकाळी उत्तर नागपुरात, इंदोरा-बेझनबागच्या बाजूला, चहाच्या टपऱ्यांवर जो वाद पेटला होता तो फुटबॉलचा होता. ड्युटीवर निघालेली माणसे सायकल, मोटरसायकल बाजूला लावून भांडत होती. ज्यांनी सामना पाहिला नव्हता तेही भांडत होते, कारण तेवढा एक तुकडा रात्रीतून सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन पडला होता.

आदल्या रात्री दोह्याला भारत आणि कतार यांच्यात विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना झाला. सुनील छेत्री पाचच दिवसांपूर्वी, ६ जूनला, कोलकात्यात कुवेतविरुद्ध शेवटचा सामना खेळून निवृत्त झाला होता. त्याच्यावाचूनचा हा पहिला सामना. आपण जिंकलो असतो तर भारत पहिल्यांदाच पात्रता स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत गेला असता. ३७ व्या मिनिटाला छांगतेने गोल केला. मिझोरमचा हा पोरगा गोल करून धावत सुटला तेव्हा आमच्या गल्लीत दोन-तीन घरांतून एकाच वेळी आरोळी उठली. सत्तर मिनिटांपर्यंत आपण एक गोलने पुढे होतो.

७३ व्या मिनिटाला कतारला फ्रीकिक मिळाली. हेडर आपल्या गुरप्रीतने अडवला. बॉल त्याच्या अंगाखालून सरपटत गोलखांबाच्या बाजूने लाइनीच्या पलीकडे गेला. कतारच्या एका खेळाडूने तो पायाने ओढून परत आत घेतला आणि युसुफ आयमनने जाळ्यात टाकला. आपली पोरं हात वर करून उभी राहिली. दक्षिण कोरियाच्या पंचांनी लाइनमनशी बोलून गोल दिला. ८५ व्या मिनिटाला कतारने दुसरा गोल केला आणि आपण २-१ ने हरलो. त्याच रात्री कुवेतने अफगाणिस्तानला १-० ने हरवले आणि कतारपाठोपाठ पुढच्या फेरीत गेला.

टपरीवरचा ऑटोवाला भाऊ म्हणाला, "आंधया होता का बे थो पंच? हातभर बाहेर होता बॉल!" रेल्वेतून निवृत्त झालेले आणि तरुणपणी स्वतः शिटी गळ्यात बांधून मैदानावर उभे राहिलेले एक काका शांतपणे म्हणाले, "शिटी वाजेपर्यंत खेळाचं असते, बाप्पा. थांबले काऊन हे?" दोघांचेही खरे होते.

आता नियम नीट समजून घेऊ, कारण अर्धे भांडण नियम ठाऊक नसल्यामुळेच होते. बॉल लाइनीवर असला म्हणजे तो बाहेर गेला असे होत नाही. संपूर्ण बॉल, जमिनीवरून असो की हवेतून, संपूर्ण लाइनीच्या पलीकडे गेला पाहिजे. लाइन जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर रुंद असते आणि बॉल साधारण २२ सेंटिमीटर व्यासाचा. बॉल गोल असल्यामुळे तो जमिनीला जिथे टेकतो तो ठिपका लाइनीच्या बाहेर दिसला तरी त्याच्या पोटाचा एखादा भाग वरून लाइनीवर लोंबत असतो. म्हणून बाजूने पाहणाऱ्याला बॉल बाहेर वाटतो आणि वरून पाहणाऱ्याला आत. दोह्यात मात्र बॉल आणि लाइन यांच्यामध्ये हिरवे गवत दिसत होते. तिथे पोटाचा प्रश्नच नव्हता.

याच्या दीड वर्ष आधी, १ डिसेंबर २०२२ ला, याच कतारमध्ये विश्वचषकात जपान आणि स्पेन खेळत होते. जपानच्या मितोमाने लाइनीवरून बॉल मागे ओढला आणि तानाकाने गोल केला. आधी बॉल बाहेर गेला असेच ठरले होते. मग व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांनी कॅमेरे तपासले, बॉलचा काही मिलिमीटर भाग लाइनीवर उरला होता असे निघाले आणि गोल मिळाला. जपान जिंकला. जपान आणि स्पेन पुढे गेले आणि कोस्टा रिकाला ४-२ ने हरवूनही जर्मनी घरी गेला. एवढा मोठा देश काही मिलिमीटरने बाहेर!

देश तोच आणि नियमही तोच. पण एका रात्री मिलिमीटर मोजायला डझनावारी कॅमेरे हजर, आणि दुसऱ्या रात्री हिरवे गवत दिसत असूनही विचारायला जागा नाही. कारण असे की आशियाई पात्रता स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत व्हिडिओ पंच ठेवलाच नव्हता. तो सप्टेंबर २०२४ पासून, तिसऱ्या फेरीत आला. आणखी एक गंमत पहा. जानेवारी २०२४ मध्ये आशिया चषकासाठी आपला संघ कतारमध्येच होता, तेव्हा प्रत्येक सामन्याला व्हिडिओ पंच होता. म्हणजे पाच महिन्यांपूर्वी जी सोय होती, ती गरज पडली त्या दिवशी नव्हती. ज्यांची स्पर्धा मोठी, ज्यांच्या सामन्याला जाहिरातदार मोठे, त्यांच्या वाट्याला न्याय बारीक मोजून येतो, आणि बाकीच्यांनी लाइनमनच्या डोळ्यांवर भागवायचे. हे आम्हाला पटत नाही. आपल्या वाचकांना तर रांगेत शेवटी उभे राहण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

भारतीय महासंघाने फिफा आणि आशियाई महासंघाकडे तक्रार केली. निकाल बदलला नाही. बदलणारही नव्हता, कारण फुटबॉलच्या पाचव्या नियमात स्पष्ट लिहिले आहे की मैदानावर काय घडले, गोल झाला की नाही झाला, याबद्दल पंचाचा निर्णय अखेरचा.

पण एक गोष्ट टपरीवर कोणी काढली नाही, ती आम्ही काढतो. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीला, आपल्याच मैदानावर, आपण अफगाणिस्तानकडून २-१ ने हरलो होतो. तो छेत्रीचा १५० वा सामना होता. तिथे एक गुण जरी मिळाला असता तरी दोह्यातली रात्र इतकी जीवघेणी झाली नसती. त्या दिवशी कोणत्या पंचाने आपल्याला लुबाडले? पंचाला शिव्या देताना हा हिशेबही मांडला पाहिजे.

पंचाच्या चुकीची कहाणी तशी जुनी आहे. १९६६ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या हर्स्टचा बॉल आडव्या खांबाला लागून खाली आपटला, लाइनमन बहरामोव यांनी गोल सांगितला, आणि पश्चिम जर्मनीचे लोक आजही ते विसरलेले नाहीत. १९८६ मध्ये मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला, ते तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. २०१० मध्ये लॅम्पार्डचा बॉल जर्मनीच्या गोलात चांगला आत पडला होता, पंचाला दिसला नाही. त्यानंतर मात्र वरची मंडळी जागी झाली. २०१२ मध्ये गोललाइनचे यंत्र मंजूर झाले. बॉल आत गेला की एका सेकंदात पंचाच्या मनगटावरच्या घड्याळात खूण येते. २०१४ च्या विश्वचषकात ते वापरले. व्हिडिओ पंच, ज्याला व्ही. ए. आर. म्हणतात, तो २०१८ मध्ये विश्वचषकात आला.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे सोपे वाटेल. टी.व्ही. पाहून बाद दिला गेलेला पहिला फलंदाज आपला सचिनच. नोव्हेंबर १९९२, डर्बन, धावबाद. पण क्रिकेटमध्ये चेंडू पडला की खेळ थांबतो, बघायला वेळ असतो. फुटबॉल वाहता असतो. म्हणून व्ही. ए. आर. चारच बाबतींत बोलतो: गोल, पेनल्टी, सरळ लाल कार्ड, आणि एकाचे कार्ड चुकून दुसऱ्याला दाखवले गेले तर. त्यातही चूक उघड आणि ढळढळीत असली पाहिजे. आणि क्रिकेटसारखी खेळाडूला दाद मागता येत नाही. उलट बोटांनी टी.व्ही.ची चौकट काढून पंचामागे लागणाऱ्याला पिवळे कार्ड मिळते.

यंत्र आले म्हणजे भांडण मिटले असे समजू नका. ३० सप्टेंबर २०२३ ला इंग्लंडमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या दियाझचा चांगला गोल ऑफसाइड ठरवला गेला. व्हिडिओच्या खोलीत बसलेल्या पंचाला वाटले की मैदानावर गोल दिलाच आहे, म्हणून तो "तपासून झाले" म्हणाला, आणि खेळ सुरू झाला. चूक लक्षात आली तोवर परत फिरायला वाट नव्हती. कॅमेरा खोटे बोलला नाही, माणसांचे एकमेकांशी बोलणे चुकले. २०२४ मध्ये वुल्व्हज क्लबने व्ही. ए. आर. बंद करा असा ठराव मांडला, तो १९ विरुद्ध १ मतांनी पडला. स्वीडनमध्ये मात्र क्लबांवर सभासद प्रेक्षकांचेच बहुमत असते. त्या प्रेक्षकांनी नको म्हटले आणि २०२४ मध्ये तिथल्या फुटबॉलने व्ही. ए. आर. नाकारला. त्यांचे म्हणणे, गोल झाल्यावर तीन मिनिटे श्वास धरून बसायचे असेल तर आनंद कसला? आम्हाला त्यांचे पटत नाही, पण ज्यांचा खेळ त्यांनी ठरवावे ही पद्धत आवडली.

आपल्या देशातले उदाहरणही आहे. ३ मार्च २०२३ ला बंगलोरच्या कंठीरवा स्टेडियमवर केरला ब्लास्टर्सचे खेळाडू भिंत रचत असताना छेत्रीने झटकन फ्रीकिक मारून गोल केला. जादा वेळ चालू होता. पंचांनी गोल दिला, आणि ब्लास्टर्सचे प्रशिक्षक वुकोमानोविच यांनी संघच मैदानाबाहेर बोलावला. निकाल बंगलोरच्या बाजूने गेला, ब्लास्टर्सला ४ कोटी रुपये दंड झाला, प्रशिक्षकावर १० सामन्यांची बंदी आली. व्हिडिओ हवा, ही ओरड तेव्हा फार झाली. आमच्या मते ती ओरड तिथे लागू नव्हती. झटपट फ्रीकिक मारायला नियमाने मुभा आहे. पंचाने थांब म्हटले होते की नाही हा तिथला वाद, आणि तो व्हिडिओच्या चार बाबींत बसत नाही. दोह्यातली चूक मात्र कोणत्याही साध्या कॅमेऱ्याने दिसली असती.

म्हणूनच एका नव्या पद्धतीकडे आमचे लक्ष आहे. तिला फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट म्हणतात. वेगळी खोली नको, खोलीत बसणारे पंच नकोत. सामन्याला जे चार कॅमेरे असतील तेवढ्यावर भागते. प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागता येते. मागणी खरी ठरली तर ती मोजली जात नाही. मग पंच स्वतः कडेला येऊन पडदा पाहतो. २०२४ मध्ये कोलंबियात झालेल्या वीस वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात ही पद्धत वापरून पाहिली. गरीब स्पर्धांसाठी ही खरी सोय. दोह्यात एवढे जरी असते तरी आपल्या प्रशिक्षकाने हात वर केला असता आणि दोन मिनिटांत निकाल लागला असता.

आता आपल्या मैदानाकडे येऊ. आपले नागपूर म्हणजे फुटबॉलला परके गाव नाही. कामठीत तर पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि २००१ मध्ये स्लम सॉकरचे काम सुरू केले. इथली मुले पुढे बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. २०१६ मध्ये फिफाने या संस्थेला पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' आपण घरच्यांना घेऊन पाहिलाच असेल.

या मैदानांवर व्हिडिओ नाही, बऱ्याचदा लाइनही नाही. चुन्याची लाइन पहिल्या अर्ध्यातच पुसली जाते. टपरीवर त्या सकाळी कॉलेजात शिकणारी, स्वतः खेळणारी एक मुलगी होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही कॅमेऱ्याचं बोलता. आमच्या मॅचला लाइनमनच नसतो. ज्याचा आवाज मोठा त्याचा थ्रो." तिच्या बोलण्याने सगळे गप्प झाले. मुलींच्या सामन्याला तर पंच मिळाला तरी तो घाईत असतो.

आणि जो पंच येतो त्याचे काय हाल! जाण्यायेण्याचे पेट्रोल निघेल एवढे मानधन, आणि सामना संपल्यावर घेराव. हल्ली एक नवे दुखणे आले आहे. कोणीतरी गोलच्या मागून मोबाइलवर चित्रण करतो, आणि सामना संपल्यावर तो तुकडा पंचाच्या नाकासमोर नाचवतो. तुकडा एका बाजूने काढलेला असतो, लाइनीच्या रेषेत नसतो, आणि बॉलच्या पोटाचे जे गणित वर सांगितले ते त्यात दिसत नाही. आमच्या वस्तीतल्या एका छोट्या स्पर्धेत पोरांनी यावर आधीच नियम केला. मोबाइल चालेल, पण तो गोललाइनीच्या सरळ रेषेत स्टुलावर ठेवायचा, दोन्ही संघांना मान्य असलेल्या माणसाने धरायचा, आणि फक्त गोलच्या वादात, फक्त पंचाने मागितला तरच पाहायचा. रेल्वेवाल्या काकांनी एक भर घातली: लाइनमन दोन्ही संघांचा एकेक, आणि प्रत्येकाने आपल्या नव्हे तर समोरच्या संघाच्या गोलकडे उभे राहायचे.

जगात काही ठिकाणी पोरांच्या सामन्यात पंचच ठेवत नाहीत. फुटबॉल-थ्री म्हणतात त्याला. आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात, मग पुन्हा बसून कोण कसे खेळले यावर बोलतात आणि चांगल्या वागणुकीचेही गुण देतात. ज्या घरांत पोरं खेळून आल्यावर रडारड आणि मारामारी होते, त्या घरच्या मायबापांनी हे एकदा वस्तीत करून पाहावे. खर्च काहीच नाही. दर रविवारी अर्धा तास जास्त लागेल, आणि त्या अर्ध्या तासात चहा-पोहे द्यावे लागतील, तेवढेच.