अर्जाची पोच : दुष्काळी कामांपासून रोजगार हमीपर्यंत



या व्याख्यानमालेत कविता, नाटक, संतवाङ्मय यांवर बोलणारी मंडळी येतात. होमिओपॅथीच्या डॉक्टराने 'अर्ज' हा विषय घेतला, याचे काही जणांना नवल वाटले असेल. पण अर्ज हा आपल्या भाषेत सतत लिहिला जाणारा आणि क्वचितच नीट वाचला जाणारा लेखनप्रकार आहे. गावच्या तलावातला गाळ काढावा, रस्ता करावा, उन्हाळ्यात हाताला काम द्यावे म्हणून सरकारकडे केलेला अर्ज कधी शेकडो चुली पेटत्या ठेवतो, तर कधी फायलीत पिवळा पडतो. हा फरक कशाने पडतो, तेवढेच आज सांगायचे आहे. माझ्या मते अर्जाचे बळ आर्जवात नसून आकड्यात, तारखेत आणि नियमात असते. गेल्या दीडशे वर्षांचा आपल्या मुलखाचा इतिहास हेच सांगतो.

काम कशासाठी?

दुष्काळ म्हटला की धान्य नाही, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा धान्य बाजारात असते, ते विकत घ्यायला माणसाकडे पैसा नसतो. पाऊस गेला की सर्वांत आधी शेतमजुराची मजुरी जाते, मग विणकर, सुतार, चांभार यांचे गिऱ्हाईक जाते आणि त्याच वेळी भाव चढतात. अमर्त्य सेन यांनी १९८१च्या आपल्या ग्रंथात हे शास्त्रशुद्ध मांडले. पण रस्ते, तलाव, कालवे यांची कामे काढून मजुरी द्यावी, ही मागणी त्याच्या शंभर वर्षे आधीपासून आपल्याकडे होत होती. मजुरी हाती आली की माणूस गाव सोडत नाही, गुरे विकत नाही, सावकाराच्या दारी जात नाही आणि मागे तलाव शिल्लक राहतो. नुसत्या अन्नछत्राने यातला पहिला भाग साधेल, दुसरा साधत नाही.

१८७६ : निवेदने आणि एक पौंड धान्य

१८७६चा पाऊस दख्खनमध्ये गेला. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. खानापूरच्या बाजूला पावसाची ददात नसते. पूर्वेचा कोरडवाहू पट्टा, म्हणजे अथणी, गोकाक, परसगड ही बाजू, मात्र होरपळली. शेजारचा कलादगी जिल्हा, म्हणजे पुढचा विजापूर, याहून वाईट अवस्थेत होता.

पुण्यातली सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांच्यामागे न्यायमूर्ती रानडे यांची बुद्धी. या सभेने दुष्काळात सरकारकडे निवेदनांमागून निवेदने पाठवली. ती आजही शिकण्यासारखी आहेत, कारण त्यांत 'रयत फार दुःखात आहे, मायबापांनी दया करावी' एवढेच नव्हते. जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवून धान्याचे भाव, पाण्याची स्थिती, गुरांचे हाल, गाव सोडून गेलेले लोक आणि कामांची गरज हे सारे सभेने मांडले.

आम्ही केस घेतो तेव्हा 'बरं वाटत नाही' यावर औषध निवडता येत नाही. दुखते कुठे, केव्हापासून, कशाने वाढते, कशाने थांबते, हे लिहून घ्यावे लागते. सभेची निवेदने अशी नीट घेतलेल्या केससारखी होती.

१८७७च्या आरंभी व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात धाडले. खर्च आवरण्यासाठी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडी रोकड एवढीच मजुरी ठरली. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. जवळची लहान कामे बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर पाठवण्याकडेही कल होता. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ती कामे सोडली आणि सभेने त्यांची बाजू मांडली.

डॉक्टर म्हणून मला इथे मद्रासच्या डॉ. कॉर्निश यांचे नाव घ्यावेसे वाटते. ते तिथले सॅनिटरी कमिशनर होते. दिवसभर माती वाहणारे शरीर एक पौंड धान्यावर टिकणार नाही, डाळ हवी, प्रमाण वाढवायला हवे, असे त्यांनी सरकारी नोकरीत राहून लेखी मांडले. टेंपल यांच्याशी त्यांचा वाद कागदोपत्री आहे. काही महिन्यांत मद्रास सरकारला ती मजुरी वाढवावी लागली. तोवर किती माणसे गेली, तो हिशोब वेगळा.

संहिता आली आणि मान्यता गेली

पुढे दुष्काळ आयोग नेमला गेला आणि १८८०मध्ये त्याचा अहवाल आला. १८८३मध्ये दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला व त्यावरून प्रांतांनी आपापल्या संहिता केल्या. दुष्काळ ओळखायचा कसा, कामे केव्हा उघडायची, मजुरी किती, अशक्तांचे काय, सारा कधी तहकूब करायचा, हे छापील झाले. दुष्काळनिवारणासाठी नवे लोहमार्गही आयोगाने सुचवले. आपल्या गावावरून जाणारी 'दक्षिण मराठा रेल्वे' ही १८८२ची कंपनी त्याच विचारातून जन्मली.

संहिता हा हक्क नव्हता. मजूर सरकारला कोर्टात खेचू शकत नव्हता. तरी अर्जदाराला प्रथमच बोट ठेवायला कलम मिळाले.

त्याचा अर्थ १८९६-९७च्या दुष्काळात उघड झाला. सार्वजनिक सभा तोवर टिळकांच्या बाजूच्या मंडळींकडे आली होती. त्यांनी सरकारला निवेदने दिलीच, शिवाय संहितेतल्या तरतुदी मराठीत छापून गावोगाव पोहोचवल्या. पीक बुडाले असेल तर सारा तहकुबीची मागणी करता येते, काम मागता येते, हे कार्यकर्ते शेतकऱ्यांना सांगत फिरले. परिणाम असा की १८९७मध्ये मुंबई सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. यापुढे सार्वजनिक धोरणावर सरकारला लिहिण्याचा अधिकार सभेला नाही, असे ठरले.

मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. सभेची इंग्रजी निवेदने सरकारने पंचवीस वर्षे सोसली. सरकारचाच नियम रयतेला तिच्या भाषेत वाचून दाखवला, ते मात्र सोसवले नाही.

विसापूर ते मुंबई

तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे हे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. १९६५मध्ये त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्र लिहून सुचवले की, ग्रामीण भागात अंगमेहनत करायला तयार असलेल्या प्रत्येकाला सरकारने काम द्यावे. नाईकांनी ते पत्र दप्तरी लावले नाही. विसापूर भागात प्रयोग करून पाहिला गेला.

पुढे १९७० ते ७३ असा लागोपाठ दुष्काळ आला. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, कामावर मिळणारी सुकडी, रेशनची मिलो ज्वारी या गोष्टी इथल्या ज्येष्ठांना आठवत असतील. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. अन्नाचे उत्पादन कोसळूनही १८७७सारखा मृत्यूचा फेरा आला नाही. ज्याँ द्रेज यांच्यासारख्या अभ्यासकांनी याचे मोठे श्रेय या कामांना दिले आहे. त्यातले काही श्रेय वेळेवर मजुरीसाठी, जवळच्या कामासाठी मोर्चे काढणाऱ्या मजुरांचेही आहे.

दुष्काळ गेला तरी मागणी उरली. पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर १९७५च्या व्यवसाय कराने दिले. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून थोडी रक्कम कापायची आणि तेवढीच भर राज्याने घालायची. १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. सार्वजनिक सभेने जे मागितले, ते शंभर वर्षांनी कायद्यात उतरले.

पंधरा दिवस

२००५मध्ये संसदेने हीच कल्पना देशासाठी घेतली. २ फेब्रुवारी २००६ला २०० जिल्ह्यांत आरंभ झाला. आपल्या खेड्यांत तिला 'उद्योग खात्री' म्हणतात. घराला वर्षाला १०० दिवस काम, ठेकेदाराला मज्जाव, एक तृतीयांश तरी स्त्रिया, कामाच्या जागी पाणी, सावली, प्रथमोपचार, पाच किलोमीटरच्या बाहेर काम असेल तर दहा टक्के जास्त मजुरी, हे सारे त्या कायद्यात होते. टेंपलसाहेबांच्या दूरच्या कामांना मिळालेले हे उत्तर म्हणता येईल.

या सगळ्याची किल्ली मात्र एका चिटोऱ्यात आहे. काम मागणाऱ्याने लेखी अर्ज द्यायचा आणि पंचायतीने तारीख घातलेली पोच द्यायची. त्या कायद्याखाली आपल्याकडे हा 'नमुना ६' होता, महाराष्ट्रात 'नमुना ४'. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर बेकारी भत्ता लागू होतो. पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, पुढे किमान निम्मा. यातली गोम अशी की, २००५च्या कायद्यात मजुरीचा पैसा केंद्राचा होता, तर भत्त्याचा भार राज्याचा. पोच दिली की घड्याळ चालू होते. म्हणून अर्ज घेऊन ठेवणे सोपे आणि शिक्का मारणे अवघड असते.

माझ्या दवाखान्यात खानापूर भागातल्या एका वाडीवरून एक मावशी येतात. रक्त कमी, पायांवर सूज, चक्कर. आहार विचारला तर उन्हाळ्यातला आहार सांगायला त्यांना संकोच वाटे. कामाचे विचारले तेव्हा म्हणाल्या, "काम हाय म्हणत्यात डॉक्टर, खरं कवा ते सांगत न्हाईत." वाडीतल्या बायका तीनदा तोंडी सांगून आल्या होत्या, एकदा कागदही ठेवून आल्या होत्या. पोच नव्हती. पुढे एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने सगळ्यांची नावे, जॉब कार्डांचे नंबर, कोणत्या तारखेपासून किती दिवस काम हवे, हे नीट भरले. कागद कन्नडमध्ये होता, मुलीला दोन्ही भाषा येत होत्या. सतरा बायका शिक्का मिळेपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या. बाराव्या दिवशी तळ्यातला गाळ काढायचे काम निघाले. लोहाच्या गोळ्या मी आधीपासूनच सरकारी दवाखान्यातून घ्यायला सांगत होतो. त्या वर्षी गोळीसोबत डाळही पोटात गेली.

इथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. काम मागण्याचा अर्ज वेगळा आणि कोणते काम व्हावे याचा ठराव वेगळा. ठराव ग्रामसभेत करावा लागतो व आराखड्यात जावा लागतो. आराखड्यात काम नसेल, तर पोच असूनही धावपळ होते. म्हणून तळ्याची मागणी आधी ग्रामसभेत, हाताला काम मागणारा अर्ज उन्हाळ्याच्या तोंडावर, असा क्रम ठेवावा.

आक्षेप

आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी शेती आहे. 'या योजनेमुळे मजूर मिळत नाहीत' ही तक्रार मी लग्नाच्या पंगतीत दरवर्षी ऐकतो. तिच्यात तथ्य नाही असे नाही. पेरणी-काढणीच्या दिवसांत कामे बंद ठेवून ती चैत्र-वैशाखात काढावीत, ही मागणी रास्त आहे आणि ती ग्रामसभेत करता येते. पण पडत्या मजुरीला 'नको' म्हणण्याची ताकद मजुराला आली, हीच जर तक्रार असेल, तर ती योजनेच्या यशाची पावती आहे. दुसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा. खोटी नावे, न झालेली कामे हे प्रकार घडतात. त्यावर उपाय पुन्हा कागदाचाच आहे: हजेरीपट ग्रामसभेत मोठ्याने वाचणे. सामाजिक अंकेक्षणाची तरतूद त्यासाठीच आहे.

मंडळाने काय करावे

आमच्या जैन परंपरेत चार दाने सांगितली आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. दुष्काळात आहारदान करणारी घरे या गावात पूर्वीही होती, आजही आहेत. पण कायद्यातले कलम वाचून दाखवणे हे ज्ञानदान आहे आणि शिक्का मिळेपर्यंत सोबत बसणे हे अभयदान आहे.

आपल्या मंडळात निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, दोन्ही भाषा लिहिणारी तरुण मंडळी आहेत. महिन्यातला एक रविवार वाचनालयाच्या ओसरीवर अर्ज लिहून देण्यासाठी ठेवता येईल. अर्जात पाच गोष्टी असाव्यात: कोण मागतो आहे, किती जण, कोणत्या तारखेपासून, किती दिवस आणि कोणत्या कलमाखाली. विशेषणे एकही नको. आणि दोन प्रती हव्यात, एक द्यायला, एक शिक्का मारून परत आणायला.

योजनांची नावे बदलतात, दिवस कमी-जास्त होतात, सरकारे येतात-जातात. तारीख घातलेली पोच हाती असलेला माणूस मात्र पंचायतीच्या दारात याचक म्हणून उभा राहत नाही. सार्वजनिक सभेने १८९७मध्ये ज्यासाठी मान्यता गमावली, ते काम करायला आज आपल्याला कुणाची मान्यता लागत नाही. येत्या मार्चपासून सुरुवात करू या.